मागचं चाक, ४१ दिवस, सहा पंक्चर

रोज कामावर सायकलने ये-जा करणाऱ्या एका व्यक्तीच्या सायकलचं हे प्रकरण. ४१ दिवसांत सहा पंक्चर, सहाही मागच्या चाकाला. पुढच्या चाकाची हवा या काळात एकदाही गेली नाही. पंक्चर दर वेळी व्यवस्थित काढलं गेलं. तिसऱ्यानंतर ट्यूब बदलली, चौथ्यानंतर टायर बदललं, आणि तरीही सहावं झालं. तोपर्यंत सगळ्यांचं मत एकच होतं: रस्ता खराब आहे. रस्ता खराब होताच. पण सहापैकी एकाच पंक्चरला खड्डा थेट कारण होता, आणि हवा पुरेशी असती तर तो खड्डाही निभावला असता.

सायकल, वजन आणि वाट

सायकल हायब्रिड प्रकारची, म्हणजे डांबरी आणि कच्च्या अशा दोन्ही वाटांवर चालणारी. टायर ३७-६२२, म्हणजे बाजूला ७०० × ३५ सी असंही छापलेलं. यातला ३७ हा आकडा फुगलेल्या टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये सांगतो, आणि ६२२ हा टायरची कड रिमवर जिथे बसते तिथला व्यास. टायर-ट्यूब घेताना हा दुसरा आकडा जुळला की बाकी थोडंफार पुढेमागे चालतं. रिम दुहेरी भिंतीची ॲल्युमिनियमची, आतली रुंदी १९ मिमी, ३६ आरे. व्हॉल्व्ह मोटारीला असतो तसा जाड, म्हणजे श्रेडर. मागचं चाक १५ मिमीच्या नटांनी कसलेलं. हा शेवटचा तपशील किरकोळ वाटतो, पण पुढे महत्त्वाचा ठरला.

सायकलस्वार ७८ किलो, सायकल कॅरिअरसकट १६ किलो, मागच्या दोन पिशव्यांत लॅपटॉप, कुलूप, कपडे आणि पाणी मिळून ९ किलो. एकूण १०३. हा भार दोन चाकांवर कसा वाटला जातो ते मोजायला घरचा वजनकाटा पुरतो. मागचं चाक काट्यावर ठेवायचं, पुढच्या चाकाखाली काट्याइतक्याच उंचीची फळी, स्वार नेहमीसारखा बसलेला आणि कोणी तरी हँडल धरलेलं. आकडा आला मागे ६७ किलो, पुढे ३६. म्हणजे मागच्या चाकावर पुढच्याच्या जवळपास दुप्पट भार. मागचं टायर जास्त का फुटतं याचं अर्धं उत्तर इथेच आहे. उरलेलं अर्धं असं, की आडवी पडलेली तार किंवा काच पुढचं चाक उचलून उभी करतं आणि मागचं चाक तिच्यावर चढतं.

वाट एका बाजूने ११ किमी. त्यातला ४ किमी रस्ता वरचा थर खरवडून ठेवलेला. अधूनमधून चर खणून तात्पुरते बुजवलेले, जुन्या-नव्या थरांच्या मध्ये तीन-चार सेंटिमीटरची पायरी. उरलेला रस्ता गुळगुळीत, पण ट्रकांची वर्दळ असलेला. स्वार तिथे अगदी कडेने चालवायचा.

आधी काय काय झालं

पहिल्या दिवशी पहिलं पंक्चर. वाटेत काढून घेतलं. १२व्या दिवशी दुसरं, तेही तसंच. १९व्या दिवशी खरवडलेल्या पट्ट्यात धाडकन आवाज झाला आणि चाक मिनिटभरात बसलं. ट्यूबला दोन चिरा. यावर दोन ठिगळं लावण्यापेक्षा ट्यूबच बदलली. २६व्या दिवशी नव्या ट्यूबला भोक. मग टायरच झिजलंय असं ठरलं आणि नवं टायर आलं, त्यात हीच ट्यूब ठिगळ लावून बसवली. या वेळी हवाही ठासून भरली, कारण टायरच्या बाजूला कमाल ८५ पीएसआय (सुमारे ५.९ बार; दोन्ही हवेच्या दाबाची मापं) लिहिलेलं होतं. ३४व्या दिवशी पाचवं, ४१व्या दिवशी सहावं. दोन्ही वेळा सायकल नुसती उभी असताना हवा गेली.

या शेवटच्या वाक्याकडे कोणाचं लक्ष गेलं नाही, आणि खरं तर तेच सगळ्यात बोलकं होतं. रस्त्यावरची वस्तू चालत्या चाकात घुसते. उभ्या सायकलची हवा गेली की आधी संशय रिमवर, व्हॉल्व्हवर किंवा सुटलेल्या ठिगळावर घ्यावा. काच अगदी बारीक भोक पाडून हळूहळू हवा काढते असंही होतं, पण तो मान दुसऱ्या क्रमांकाचा.

तपासणी: भोक कुठल्या बाजूला आहे

पंक्चर काढण्याची नेहमीची रीत भोक शोधून बुजवण्याची आहे. इथे जुनी ट्यूब, नवी ट्यूब आणि जुनं टायर तिन्ही फेकून न देता कोपऱ्यात टाकलेलं होतं, हे नशीब. सगळा माग त्यांच्यावरच होता.

दोन्ही ट्यूबमध्ये गोल आकार येण्याइतकी हवा भरून व्हॉल्व्ह स्वतःकडे ठेवला आणि प्रत्येक भोकाच्या दोन गोष्टी टिपल्या: व्हॉल्व्हपासूनचं अंतर, आणि भोक बाहेरच्या अंगाला (टायरकडे) आहे की आतल्या अंगाला (रिमकडे, जिथे व्हॉल्व्ह असतो).

जुन्या ट्यूबवर पहिलं ठिगळ बाहेरच्या अंगाला, व्हॉल्व्हपासून ३१ सेंमी. दुसरं भोक त्याच ठिगळाच्या कडेला, मध्यापासून जेमतेम १४ मिमी. तिसरं म्हणजे दोन समांतर चिरा, व्हॉल्व्हपासून सारख्याच अंतरावर, शेजारी-शेजारी. नव्या ट्यूबवर चौथं भोक बाहेरच्या अंगाला, ३०.५ सेंमी. पाचवं आणि सहावं मात्र दोन्ही आतल्या अंगाला, एकमेकांपासून १० सेंमी.

एवढ्यावरच प्रकरणाचे तीन तुकडे पडले. पहिलं, दुसरं, चौथं एका कारणाचं. तिसरं वेगळं. पाचवं-सहावं आणखी वेगळं. सहा पंक्चरना एक कारण शोधत बसल्यामुळेच दर वेळी चुकीची वस्तू बदलली गेली होती.

ठिगळांची पाण्यात चाचणी घेतली, एकही बुडबुडा नाही. ठिगळं लावणाऱ्या हातांचा दोष नव्हता. व्हॉल्व्हच्या तोंडाला साबणाचं पाणी लावून पाहिलं, तोही कोरडा. व्हॉल्व्हच्या बुडाशी चीर नाही. हवा कायम कमी असली की ब्रेक मारताना टायर रिमवर सरकतं, सोबत ट्यूब ओढली जाते, व्हॉल्व्ह तिरका होतो आणि बुडाशी फाटतो. तिथे ठिगळ चालत नाही, ट्यूब बाद. इथे तसं झालं नव्हतं. ब्रेक शू टायरच्या कुशीला (बाजूच्या भिंतीला) घासत नव्हते. रिमच्या कडेवर, तिसऱ्या पंक्चरच्या धडकेनंतरही, पोचा नव्हता. बोट फिरवून आणि चाक गरगर फिरवून ब्रेक शूमधलं अंतर एकसारखं राहतं का हे पाहून खात्री केली. असा पोचा राहिला तर तिथून पुढे ब्रेक लावताना चाक दर फेऱ्याला धक्का देतं.

पहिलं कारण: तार

बाहेरच्या अंगाची भोकं वारंवार एकाच अंतरावर येत असतील तर टोचणारी वस्तू अजून टायरमध्येच आहे. निदान आधी संशय तोच घ्यावा. जुन्या टायरवर तो बिंदू शोधायला टायर आणि व्हॉल्व्ह यांची सांगड लागते. नशिबाने सायकलच्या एका जुन्या फोटोत टायरवरचा शिक्का (कंपनीच्या नावाची छाप) बरोबर व्हॉल्व्हसमोर दिसत होता. टायर बसवताना शिक्का व्हॉल्व्हसमोर आणतात तो शोभेसाठी नाही, याच कामासाठी. ज्यांच्या सायकलचं टायर कसंही बसवलेलं असेल त्यांनी टायर उतरवण्याआधी व्हॉल्व्हसमोर खडूची खूण करून घ्यावी.

ट्यूब चाकाबाहेर आली की ती डावी-उजवी उलटू शकते, त्यामुळे शिक्क्याच्या दोन्ही बाजूंच्या जागा तपासाव्या लागतात. आणि ट्यूब चाकात ताणलेली असते, म्हणून ट्यूबवरचे ३१ सेंमी टायरच्या आतल्या बाजूला ३४च्या आसपास पडतात. दोन्हीकडे पाच-पाच सेंमीचा पट्टा निवडला.

बोट फिरवून काही लागलं नाही. (उघडं बोट फिरवूही नये. काच असली तर रक्त निघतं.) कापसाचा बोळा फिरवला, तोही अडकला नाही. मग टायर त्या जागी उलटं वाकवलं, आतला पृष्ठभाग बाहेर फुगेल असं, आणि पुन्हा कापूस फिरवला. शिक्क्याच्या एका बाजूला, ३४ सेंमीवर, दोन-तीन तंतू अडकले. तिथे पोलादी तारेचं टोक होतं, मिलिमीटरभरही वर न आलेलं. चिमट्याने ओढल्यावर ४ मिमीचा तुकडा निघाला, शिवणाच्या सुईपेक्षा बारीक. बाहेरून त्या जागी फक्त एक काळा ठिपका दिसत होता.

अशा तारा ट्रकच्या टायरमधून येतात. रेडियल टायरच्या पोटात पोलादी तारांचे पट्टे असतात. टायर फुटलं किंवा त्याची साल निघाली की तारा तुटून रस्त्यावर पडतात आणि वाहनांच्या चाकांच्या वाऱ्याने कडेला जमतात. म्हणजे नेमकं जिथे भित्रा सायकलस्वार चालवतो तिथे.

मग पहिलं भोक बुजवल्यावर तारेने दुसरं पाडायला अकरा दिवस का लावले? टायर मोकळं असताना टोक रबराच्या आत होतं. भार पडून टायर चपटं होतं तेव्हाच ते पुढे सरकायचं. शिवाय समोर आता ठिगळाचा जाड थर होता. ट्यूब रोज थोडी-थोडी सरकत ठिगळाची कड तारेसमोर आली आणि तिथे भोक पडलं.

आता नटांचा तपशील. मागचं चाक काढायचं तर १५ चा पाना हवा, साखळी उतरवायची, ब्रेक सोडायचा. वाटेत हे कोणी करत नाही. चाक जागेवरच ठेवून टायरची एक कड उतरवतात, ट्यूबचा लागेल तेवढा भाग बाहेर ओढतात, ठिगळ लावून परत आत कोंबतात. दहा मिनिटांचं काम. पण यात टायरच्या आत कोणी डोकावत नाही. जॉन बॉइड डनलॉप यांचं १८८८ सालचं हवेचं टायर रिमला चिकटवलेलं असे. पुढे १८९१ मध्ये मिशेलिन बंधूंनी उतरवता येणारं टायर आणलं आणि चाक उघडणं सोपं झालं. सव्वाशे वर्षांनंतर ते इतकं सोपं झालंय की अर्धंच उघडलं जातं.

जुनं टायर, तार काढल्यावर, पूर्ण चांगलं निघालं. मधला पट्टा सपाट झालेला नव्हता, धागे दिसत नव्हते, कुशीला तडे नव्हते. रबरात रुतलेले काचेचे आणखी दोन बारीक तुकडे मिळाले, अजून आरपार न गेलेले. ते सुईने उकरून काढले. म्हणजे टायर बदलल्याने तारेचा त्रास थांबला हे खरं, पण तेवढ्यासाठी एक चिमटा पुरला असता.

दुसरं कारण: अंगठ्याने मोजलेली हवा

शेजारी-शेजारी दोन चिरा म्हणजे सापाचा दंश, असं सायकलवाले म्हणतात. चाक एखाद्या धारदार कडेवर आपटतं, टायर पूर्ण दबतं आणि ट्यूब रिमच्या दोन कडा आणि रस्ता यांच्यात चिमटली जाते. टोचणाऱ्या वस्तूचा इथे संबंध नसतो, त्यामुळे टायरमध्ये काही शोधत बसू नये. शोध हवेचा घ्यावा.

त्यासाठी एक साधा प्रयोग केला. स्वाराला मागचं चाक नेहमीसारखं, अंगठा दाबून पुरेसं वाटेपर्यंत भरायला सांगितलं आणि मग गेज (दाब मोजायचं साधन) लावला. तीनदा. आकडे आले ३८, ४४ आणि ४२ पीएसआय. पुढच्या चाकाला हीच हवा छान होती, ३६ किलोला पुरेशी. मागच्या ६७ किलोंना ती कमी होती. अंगठ्याला ४० आणि ६५ मधला फरक जवळजवळ कळत नाही. दोन्ही टणकच लागतात. त्यातही टायरची कुशी जाड असेल तर अंगठा हवा मोजतच नाही, रबर मोजतो.

शिवाय ब्यूटाइल रबरच्या ट्यूबमधून हवा भोक नसतानाही हळूहळू झिरपत असते. दुसऱ्या पंक्चरनंतर वाटेत छोट्या पंपाने भरलेली हवा आठवडाभर कोणी पाहिली नव्हती. मग तीन-चार सेंमीची पायरी आली, स्वार सीटवर बसलेला, पिशव्या मागे लटकलेल्या.

या टायरसाठी आणि या भारासाठी मागे ६५ पीएसआय (४.५ बार) आणि पुढे ४५ (३.१ बार) ठरवले. टायरवर लिहिलेली कमाल मर्यादा ही शिफारस नव्हे, याचा विसर फार लोकांना पडतो. ८५ ला हे चाक खडबडीत रस्त्यावर उड्या मारत होतं, पकड कमी झाली होती आणि हादरे थेट कॅरिअरच्या स्क्रूंपर्यंत पोचत होते. दोन स्क्रू सैल सापडले. ठोकताळा असा ठेवता येतो: स्वार सीटवर बसल्यावर टायर मूळ उंचीच्या सुमारे १५ टक्के दबावं. इथे ते साधारण ५ मिमी. यापेक्षा खूप जास्त दबलं तर चिमटा बसायचा धोका, अजिबात दबलं नाही तर हवा जास्त.

तिसरं कारण: रिमची पट्टी

पाचवं आणि सहावं पंक्चर आतल्या अंगाला. दुहेरी भिंतीच्या रिममध्ये आऱ्यांची निपल (आरा रिमला ताणून धरणारे छोटे नट) खालच्या भिंतीत बसतात आणि वरच्या भिंतीत प्रत्येक आऱ्यासाठी निपल आत सोडायला मोठं भोक असतं. इथे त्याचा व्यास ८.५ मिमी. या भोकांवर पट्टी असते. ती नसेल किंवा सरकली असेल तर दाबाखालची ट्यूब भोकात फुगून उतरते आणि कडेला कापली जाते.

३६ आऱ्यांच्या या रिमवर दोन शेजारच्या भोकांमधलं अंतर ५३ मिमी. दोन पंक्चरमधलं अंतर ट्यूबवर १० सेंमी, म्हणजे रिमवर ताणून साडेदहाच्या आसपास, बरोबर दोन घरं. ट्यूब रिमवर धरून पाहिली तर दोन्ही ठिगळं आऱ्यांच्या भोकांवर आली, मधलं एक भोक सोडून.

टायर पूर्ण उतरवल्यावर डोळ्यांनीच दिसलं. मूळची रबरी पट्टी १४ मिमी रुंद, ताणून सैल झालेली, आणि अर्ध्या हाताच्या लांबीत एका बाजूला सुमारे ३ मिमी सरकलेली. १४ मिमीच्या पट्टीचं ८.५ मिमीच्या भोकावर दोन्ही बाजूंना जेमतेम पावणेतीन मिमी पांघरूण असतं. ती ३ मिमी सरकली की भोकाची कड उघडी. त्या भागात पट्टीवर लिव्हरच्या (टायरची कड उचकटायच्या छोट्या दांडीच्या) टोकाचा ओरखडाही होता. नवं टायर घट्ट असल्याने लिव्हर खोलवर घालून ओढली गेली आणि पट्टी सोबत सरकली. त्यावर ८५ पीएसआय. पट्टी ४० पीएसआयला पुरत होती, तिच्यातला दोष झाकलेला होता. हवा दुप्पट झाली आणि तो उघडा पडला. एक बिघाड दुरुस्त करताना दुसरा उघडकीला येतो तो असा.

दुरुस्ती, क्रमाने

जुनी पट्टी कापून काढली. रिमचं आतलं पात्र फडक्याने पुसून कोरडं केलं. आऱ्यांच्या आणि व्हॉल्व्हच्या भोकांच्या कडांवर बोथट पेन्सिल फिरवून कुठे धार अडकते का पाहिलं. एका भोकाला किंचित कंगोरा होता, तो ६०० नंबरच्या पॉलिश पेपरने घासला आणि भुकटी पुसून काढली. कापडी चिकट पट्टी १८ मिमी रुंद घेतली. आतली रुंदी १९ असताना १८ ची पट्टी भोकं पूर्ण झाकते आणि टायरची कड बसते त्या जागेवर चढत नाही. जास्त रुंद पट्टी कडेवर चढली तर टायर वाकडं बसतं. व्हॉल्व्हचं भोक जुळवून सुरुवात, मग ताण देत-देत पूर्ण फेरा, टोकं पाच सेंमी एकमेकांवर, आणि शेवटी लिव्हरच्या पाठीने सगळीकडे दाबून घेतली.

ट्यूब नवी घातली. तीन ठिगळांची ट्यूब वाया गेली असं नाही. ती सुट्टी म्हणून पिशवीत गेली.

टायर बसवताना तीन गोष्टी सांभाळल्या. ट्यूबमध्ये आधी इतकी हवा की ती गोल राहील, पिळा पडणार नाही. टायरची दुसरी कड व्हॉल्व्हच्या बरोबर विरुद्ध बाजूने सुरू करून व्हॉल्व्हपाशी संपवली, आणि दर वेळी आधी बसलेली कड रिमच्या मधल्या खोलगट भागात ढकलत नेली. त्या खोलगट भागात कडेला सैलपणा मिळतो आणि शेवटचा घट्ट तुकडा अंगठ्यांनीच चढतो. तिथे लिव्हर लावली की नवी ट्यूब चिमटून फुटते. नव्या ट्यूबला बसवल्याबरोबर पंक्चर होण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच, आणि दोष मात्र ट्यूबला दिला जातो. शेवटी व्हॉल्व्ह एकदा आत ढकलून सोडला, म्हणजे त्याच्या बुडाशी ट्यूब टायरच्या कडेखाली अडकली असेल तर सुटते. २० पीएसआय भरून टायरच्या कुशीवरची बारीक रेघ दोन्ही बाजूंना रिमपासून सारख्या अंतरावर आहे का पाहिली, मग ६५.

शिक्का अर्थातच व्हॉल्व्हसमोर.

ठिगळाबद्दल थोडं

या प्रकरणात ठिगळं चांगली होती, पण पिशवीतलं सामान तपासताना सोल्युशनची (ठिगळ चिकटवायच्या द्रवाची) ट्यूब वाळून दगड झालेली निघाली. एकदा उघडलेली ट्यूब काही महिन्यांत वाळते, टोपण कितीही घट्ट लावा. म्हणून न फोडलेली एक जवळ ठेवावी. ठिगळ निघतं ते बहुतेक दोनच कारणांनी. ट्यूबवरची साच्याची उभी रेघ घासून सपाट केलेली नसते, त्यामुळे ठिगळाखाली बोगदा राहतो. किंवा सोल्युशन ओलं असतानाच ठिगळ दाबलं जातं. ठिगळापेक्षा सेंटिमीटरभर मोठा भाग पॉलिश पेपरने मंद होईपर्यंत घासावा, सोल्युशनचा पातळ थर द्यावा, चमक जाऊन बोटाला चिकटेनासा होईपर्यंत थांबावं, साधारण पाच मिनिटं, आणि मगच ठिगळ मधून कडेकडे दाबावं. भोक सापडल्याबरोबर पेनने त्याभोवती मोठी फुली मारून ठेवावी. घासताना आणि सोल्युशन लावताना भोक दिसेनासं होतं.

रस्त्यावर काय बदललं

कडेने चालवणं सोडून कडेपासून सुमारे मीटरभर आत. गाड्यांची चाकं जिथून जातात तो पट्टा आपोआप झाडला जातो, कचरा त्याच्या बाहेर साचतो. मागून येणाऱ्याला ओव्हरटेक करताना नीट विचार करावा लागतो, हा जास्तीचा फायदा.

खरवडलेल्या पट्ट्यातल्या पायऱ्यांवर चाक काटकोनात न्यायचं, तिरकं नाही. तिरकं गेलं तर पुढचं चाक कडेला धरून घसरतं, रेल्वेच्या रुळांवर घसरतं तसंच. पायरीच्या दोन-तीन मीटर आधी पॅडल मारणं थांबवून दोन्ही पॅडल समपातळीत आणायचे, सीटवरून किंचित उठायचं, गुडघे-कोपरं मऊ. मागचं चाक चढताना अंग पुढे. ७८ किलो सीटवरून पायांवर आले की धक्का गुडघे झेलतात, ट्यूबला झेलावा लागत नाही.

पावसात पंक्चर वाढतात त्याचं कारण पाणी हेच. ओलं रबर काचेने सहज कापलं जातं, आणि ओल्या टायरला बारीक खडे-काचा चिकटून राहतात व दर फेऱ्याला थोड्या आत जातात. म्हणून ओल्या दिवशी घरी पोचल्यावर टायरवरून हातमोज्याचा हात किंवा जाड ब्रश फिरवायचा. अर्ध्या मिनिटाचं काम. डबक्यातून जाणं टाळायचं. पाण्याखाली पायरी दिसत नाही.

पिशवीत आता हे असतं: सुट्टी ट्यूब, दोन प्लास्टिकच्या लिव्हर, ठिगळांचा संच, गेज असलेला छोटा पंप, १५ चा पाना, बारीक टोकाचा चिमटा, कापसाचा बोळा, खडू, हातमोजे, आणि जुन्या टायरचा कापलेला पाच सेंमीचा तुकडा. टायरला मोठी चीर पडली तर तो आतून लावायचा, म्हणजे ट्यूब चिरेतून बाहेर येत नाही. मऊ कापड इथे चालत नाही, ते ताणतं. घरी उभा पंप. दर रविवारी एकाच गेजने मोजणी, कारण दोन गेज सहसा एकसारखं सांगत नाहीत आणि आपल्याला हवा असतो तो फरक, निव्वळ आकडा नव्हे.

जाड संरक्षक थराचं टायर घ्यावं का, हा प्रश्न आलाच. श्वाल्बे मॅरेथॉन प्लससारख्या टायरमध्ये ५ मिमी जाडीचा लवचिक थर असतो आणि काच त्याला सहसा पार करत नाही. पण ते जड असतं, चढवायला हट्टी असतं, आणि चिमटलेल्या ट्यूबवर किंवा सरकलेल्या पट्टीवर त्याचा काहीही उपयोग नाही. या सायकलच्या सहापैकी तीन पंक्चर त्याने टाळली नसती. म्हणून ते लांबणीवर टाकलं.

नंतरचे ९० दिवस

मागच्या चाकात आठवड्याला २ ते ४ पीएसआयची घट, जी नेहमीचीच. एक पंक्चर झालं, ५७व्या दिवशी, पावसात. बाहेरच्या अंगाला, व्हॉल्व्हपासून ७२ सेंमी. टायर लगेच त्या जागी उलटं वाकवलं, तांदळाच्या दाण्याएवढी हिरवी काच निघाली. काच काढली, कापूस दोनदा फिरवला, सुट्टी ट्यूब घातली. एकूण वीस मिनिटं, त्यातली पाच हात पुसण्यात. भोक पडलेली ट्यूब घरी नेऊन ठिगळ लावली आणि तिच्यावर पेनने तारीख, अंतर आणि ‘बाहेर’ असं लिहून ठेवलं. जुनं टायर आता पुढच्या चाकावर आहे.